जिभेनं जपलेलं बियाणं

१९०८ साली शांघायमध्ये राहणाऱ्या जे. एम. डब्ल्यू. फार्नहॅम या अमेरिकन मिशनऱ्याने मक्याचं थोडं बियाणं वॉशिंग्टनला पाठवलं. परदेशी बियाणी आणि रोपं गोळा करणारा एक स्वतंत्र विभाग अमेरिकेच्या कृषी खात्यात तेव्हा होता. वकिलातीतले अधिकारी, व्यापारी, धर्मोपदेशक अशा कोणाकोणाकडून त्याच्याकडे पुड्या येत. फार्नहॅमने सोबतच्या पत्रात लिहिलं होतं, की या मक्याचे दाणे वेगवेगळ्या रंगांचे असले तरी इथले लोक ते एकच वाण मानतात. इतर मक्यापेक्षा हा बराच चिकट आहे, कदाचित लापशीला उपयोगी पडेल.

बी गाय कॉलिन्स यांच्याकडे गेलं. मका हा त्यांच्या अभ्यासाचा खास विषय. पेरलेली झाडं वाढली तेव्हा ते थक्क झाले. वरची पानं ताठ उभी आणि एका बाजूला वळलेली. कणसाचे केस खाली लोंबण्याची वाट न बघता पानाच्या बेचक्यातच बाहेर डोकावत. तुऱ्यातून गळणारा पराग पानावरून घरंगळत त्याच बेचक्यात साठे, त्यामुळे केसांना वारा लागण्याआधीच परागीभवन उरकून जाई. अमेरिकेच्या कोरड्या भागांत ऐन फुलोऱ्यात गरम वारा सुटला की केस वाळत आणि कणसं अर्धीमुर्धी भरत. या दुखण्यावरचा उपाय कॉलिन्सना चिनी मक्यात दिसला आणि १९०९ च्या पुस्तिकेत त्यांनी त्याच गुणावर भर दिला. दाणा कापून पाहिल्यावर मात्र त्यांना आणखी एक नवल दिसलं. मक्याच्या दाण्याचा गर एक तर काचेसारखा कडक असतो, नाही तर पिठूळ. हा दोन्हींत बसेना. गुळगुळीत, सगळीकडे एकसारखा, चमक नसलेला, कठीण मेणाचा तुकडा कापावा तसा. कॉलिन्सनी त्याला वॅक्सी, म्हणजे मेणचट, असं नाव दिलं.

त्या ताठ पानांची आज कोणाला आठवणही नाही. पुढच्या संकरांमध्ये ती केव्हाच हरवली. टिकला तो दाणा. आणि त्याच्यातली महत्त्वाची गोष्ट शांघायहून आलेल्या पत्रात आधीच लिहिलेली होती: हा मका चिकट आहे. ती ओळख प्रयोगशाळेतली नव्हती. हा मका शिजवून खाणाऱ्यांची ती ओळख होती.

मका मूळचा मेक्सिकोचा. चीनमध्ये तो सोळाव्या शतकात पोचला. ली शीझेन यांच्या १५९६ मध्ये छापल्या गेलेल्या औषधिग्रंथात त्याची नोंद आहे. इतक्या वेगळ्या चेहऱ्याचा मका चीनमध्ये बघून कॉलिन्सना प्रश्न पडला, की कोलंबसाच्या आधीपासून तर मका आशियात नव्हता? तसं नव्हतं. जे घडलं ते अवघ्या तीन-साडेतीनशे वर्षांत घडलं, तेही बहुधा युनान आणि ग्वांगशीच्या डोंगराळ मुलखात. तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या चिकट भात खात आलेले. नवं धान्य हाती आलं तेव्हा त्यांनी त्यातही तोच चिकटपणा शोधला.

हे शोधणं किती कष्टाचं होतं, याचा विचार सहसा केला जात नाही. चिकटपणा येतो तो एका जनुकातल्या बिघाडानं, आणि तो बिघाड अप्रभावी असतो. एक जरी निरोगी प्रत दाण्यात आली तरी दाणा साधा होतो. त्यात मका परपरागी. शेजारच्या वावरातून साध्या मक्याचा पराग वाऱ्याने उडून आला की त्याच हंगामात, त्याच कणसावर, साधे दाणे भरतात. म्हणजे एकदा नशिबाने चिकट कणीस सापडलं एवढ्यावर भागत नाही. ते वेगळं पेरायला हवं, साध्या मक्यापासून लांब ठेवायला हवं, आणि दर सुगीला दाणे बघून, निवडून, पुढच्या वर्षाचं बी बाजूला काढायला हवं. असा दोष अमेरिकेतल्या मक्यातही अधूनमधून आपोआप निपजतो. विसाव्या शतकात तिथल्या डेंट वाणांमध्ये तो सापडलाही. पण त्याआधीच्या शेकडो वर्षांत तिकडे तसे दाणे कोणी राखून ठेवले नाहीत, कारण त्यांची चव कोणाला हवी नव्हती. दोष दोन्हीकडे होत होता. त्याचं वाण मात्र एकाच ठिकाणी झालं, आणि ते करणाऱ्यांची नावं कुठल्याही नोंदवहीत नाहीत. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा वाटा त्यांचाच आहे.

हा दोष नेमका कशात आहे ते कळायला पुढे बरीच वर्षं जावी लागली. धान्यातला स्टार्च एकाच जातीचा नसतो. ग्लुकोजचे रेणू एकापुढे एक जोडले जाऊन जवळजवळ सरळ साखळी झाली की तो अमायलोज. आणि बाभळीसारख्या जागोजाग फांद्या फुटल्या की तो अमायलोपेक्टिन. साध्या मक्यात पहिला साधारण पाव हिस्सा, दुसरा पाऊण. सरळ साखळ्या शिजून निवल्या की एकमेकींना लगटून बसतात. म्हणून मक्याची खळ थंड झाली की गढूळ दिसते, थिजते आणि काही वेळाने पाणी सोडते. फांद्यांच्या रेणूंना असं लगटून बसता येत नाही. ते एकटेच असले तर खळ पारदर्शक, ताणली जाणारी आणि चिकट राहते.

दोघांची ओळख पटवणारी वस्तू अगदी साधी आहे: आयोडीन. दाण्याचा छेद घेऊन त्यावर आयोडीनचा थेंब सोडायचा. साधा दाणा क्षणात निळा-काळा पडतो, कारण अमायलोजच्या साखळीला मळसूत्रासारखा पीळ असतो आणि आयोडीन त्या पोकळीत जाऊन बसतं. मेणचट दाणा तांबूस तपकिरी होतो. १९२२ साली इंडियाना विद्यापीठातल्या पॉल वेदरवॅक्स यांनी हा तांबडा रंग नोंदवला आणि मेणचट मक्यात काही दुर्मीळ कर्बोदक असावं असं मांडलं. प्रत्यक्षात त्यात नवं काही नव्हतं, असलेलं एक गायब होतं. पण स्टार्चचे हे दोन घटक नीट वेगळे करून दाखवायला १९४० च्या आसपासचा काळ उजाडला, त्यामुळे वेदरवॅक्स यांना ते कळायला मार्गच नव्हता.

दोन वर्षांनी, १९२४ मध्ये, त्याहून सुंदर गोष्ट उघड झाली. मक्याचा परागकणही स्वतःत स्टार्च साठवतो, आणि त्याच्यात जनुकाची एकच प्रत असते. साध्या आणि मेणचट मक्याच्या संकरातून आलेल्या झाडाचा तुरा झटकून पराग काचेवर घ्यावा, आयोडीन सोडावं आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघावं: अर्धे कण निळे, अर्धे तांबूस. मेंडेलचा नियम समजण्यासाठी पीक काढायची, पिढ्या मोजायची गरज नाही. तो एका काचपट्टीवर पसरलेला असतो. मला या विषयातली ही सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

त्यामुळे मेणचट मका पीक म्हणून कोणी लावत नसलं तरी आनुवंशशास्त्रज्ञांच्या शेतात त्याला मानाची जागा मिळाली. १९३१ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात बार्बरा मॅक्लिंटॉक आणि त्यांची विद्यार्थिनी हॅरिएट क्रायटन यांनी हेच जनुक हाताशी धरून एक मोठा प्रश्न सोडवला. जनुकांची अदलाबदल होते तेव्हा गुणसूत्राचे तुकडेही खरोखर अदलाबदल होतात का? त्यांच्या मक्याच्या नवव्या गुणसूत्राच्या एका टोकाला ठळक गाठ होती आणि दुसऱ्या टोकाला आठव्या गुणसूत्राचा जोडलेला तुकडा. मधल्या भागात दोन ओळखीची जनुकं: एक दाण्याच्या रंगाचं, दुसरं मेणचटपणाचं. ज्या दाण्यांत गुणांची जोडी बदलली, त्यांतून उगवलेल्या झाडांच्या पेशींत गाठ आणि तुकडा यांचीही जोडी बदललेली दिसली. प्रश्न मिटला. चीनच्या डोंगरातून आलेलं ते बियाणं विसाव्या शतकातल्या जीवशास्त्राच्या एका पायाभूत प्रयोगात असं कामाला आलं.

स्वयंपाकघरातून प्रयोगशाळेत गेलेल्या या दाण्याला बाजारात आणलं ते युद्धानं. अमेरिकेत टॅपिओका, म्हणजे कसाव्याच्या कंदाचा स्टार्च, पुडिंगपासून पाकिटांच्या डिंकापर्यंत आणि कापडाच्या खळीपासून कागदापर्यंत सगळीकडे लागे. मक्याचा स्टार्च घरचा आणि स्वस्त, पण त्याची खळ गढूळ होते आणि थिजते. टॅपिओकाची स्वच्छ राहते. तो मोठ्या प्रमाणावर जावाहून येई. मार्च १९४२ मध्ये जावा जपानच्या ताब्यात गेलं आणि ती वाट बंद झाली.

आयोवा स्टेट कॉलेजमध्ये जॉर्ज स्प्रेग आणि त्यांचे सहकारी युद्धाच्या काही वर्षं आधीपासून मेणचट जनुक चांगल्या उत्पन्नाच्या संकरित मक्यात आणायच्या खटपटीत होते. रसायनशास्त्रज्ञ राल्फ हिक्सन यांनी त्या स्टार्चचे गुण तपासले होते. त्याची खळ टॅपिओकाच्या जवळ जाणारी होती. तोवर या कामाची कोणाला घाई नव्हती. आता अचानक झाली. आयोवॅक्स नावाचं संकरित वाण हाती होतं, त्याचं पीक १९४२ पासून कारखान्यांकडे जाऊ लागलं. शेतकऱ्यांशी करार करून ते लावलं जाई, साध्या मक्यापासून अंतर राखून, आणि दाण्यावर आयोडीन टाकून भेसळ तपासली जाई. युनानच्या शेतकऱ्यानं डोळ्यांनी आणि जिभेनं जे केलं, तेच आयोवात थेंबाने होत होतं.

याच युद्धाचा एक धागा आपल्या घरातही येतो. आपण एकादशीला खातो तो साबुदाणा टॅपिओकाचाच. युद्धापूर्वी तो आग्नेय आशियातून येई. ती आयात तुटली तेव्हा, १९४३ च्या सुमारास, तमिळनाडूतल्या सेलम भागात कसाव्याच्या कंदापासून साबुदाणा करायला सुरुवात झाली आणि पुढे त्याचा मोठा उद्योग उभा राहिला. एकच पुरवठा तुटला. अमेरिकेनं त्याची जागा मक्यातल्या दोषानं भरून काढली, भारतानं आपल्याच मातीतल्या कंदानं. महाराष्ट्रातली उपवासाची खिचडी त्या दिवसांची देणेकरी आहे.

युद्ध संपलं, टॅपिओका पुन्हा येऊ लागला, पण मेणचट मका कारखान्यांतून हटला नाही. सॉस, डबाबंद पदार्थ, गोठवलेले पदार्थ, जिथे खळीनं पाणी सोडता कामा नये तिथे तो रुजला.

दोषाचं मूळ शोधायचं काम पर्ड्यू विद्यापीठात ऑलिव्हर नेल्सन यांनी हाती घेतलं. त्यांनी आधी परागाचाच आधार घेतला. जनुकात वेगवेगळ्या जागी बिघाड असलेली दोन मेणचट झाडं एकत्र आणायची, त्यांच्या संकराचा पराग आयोडीनने रंगवायचा आणि तांबूस कणांच्या गर्दीत क्वचित दिसणारा निळा कण मोजायचा. तो निळा कण म्हणजे दोन बिघडलेल्या प्रतींचे चांगले भाग जुळून निरोगी प्रत तयार झाल्याची खूण. अशा दुर्मीळ कणांच्या मोजणीवरून जनुकाच्या आत बिघाडाच्या जागा कुठे आहेत याचा नकाशा त्यांनी मांडला. इतकं सूक्ष्म काम तोवर विषाणू-जिवाणूंवरच शक्य मानलं जाई.

त्याच सुमारास अर्जेंटिनात लुइस लेलुआर यांच्या गटानं स्टार्चच्या कणांना चिकटून बसलेलं आणि ग्लुकोजची साखळी वाढवणारं एक विकर शोधलं होतं. नेल्सन आणि हॉवर्ड राइन्स यांनी साध्या आणि मेणचट दाण्यांतले स्टार्चचे कण वेगळे काढून दोन्हींत हे विकर तपासलं. साध्यात ते होतं. मेणचटमध्ये जवळजवळ नव्हतं. १९६२ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. कोडं सुटलं: सरळ साखळी विणणारा कामगारच मेणचट दाण्यात गैरहजर असतो, फांद्यांची विणकर विकरं मात्र ठीक असतात. दाण्यातला स्टार्च फारसा घटत नाही, त्याची जात बदलते.

बिघाड कसे होतात याचं एक उत्तर मॅक्लिंटॉकनी आधीच दिलं होतं. गुणसूत्रावर एका जागेवरून दुसरीकडे उडी मारणारे घटक असतात आणि ते एखाद्या जनुकात घुसले की त्याचं काम थांबतं, हे त्यांनी १९४० च्या दशकात कोल्ड स्प्रिंग हार्बरला मक्याच्या दाण्यांवरूनच ओळखलं. त्यांच्या संग्रहात मेणचट जनुकात घुसलेले घटकही होते. १९८३ मध्ये बाल्टिमोरला नीना फेडोरॉफ, सुसान वेसलर आणि मेव्हिस शुअर यांनी मेणचट जनुक वेगळं काढलं आणि त्याच्याच आधारानं हे उडते घटक पहिल्यांदा हाती लागले. त्याच वर्षी मॅक्लिंटॉक यांना नोबेल मिळालं, तेव्हा त्या ८१ वर्षांच्या होत्या.

उलट्या बाजूचा दोषही आहे, तो थोडक्यात सांगून टाकतो. फांद्या पाडणारं विकर बिघडलं तर अमायलोजचं प्रमाण अर्ध्याच्या वर जातं; असा मका अमेरिकेत १९५२ मध्ये नोंदला गेला. त्याचा स्टार्च शिजायला आणि पचायला दोन्हीला जड. मेंडेलच्या सुरकुतलेल्या वाटाण्यांचं मूळही याच जातीच्या विकरात निघालं. १९९० मध्ये इंग्लंडमधल्या नॉर्विचला कळलं, की त्या जनुकातही एक उडत्या घटकासारखा तुकडा घुसलेला आहे.

पण मला पुन्हा जिभेकडेच यायचं आहे. पूर्व आणि आग्नेय आशियात लोकांनी केवळ मक्यातच चिकटपणा राखला असं नाही. भात, ज्वारी, राळे, चिना, सातू, कसई या सगळ्यांची चिकट वाणं त्याच प्रदेशांत आहेत. राळ्यांच्या चिकट वाणांत या जनुकात निरनिराळे घटक घुसलेले दिसतात, म्हणजे तो दोष एकदा होऊन सगळीकडे पसरला नाही. वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या ठिकाणी तो झाला आणि प्रत्येक वेळी कोणीतरी तो ओळखून राखला. चिनी मक्यातही एकाहून अधिक बिघाड सापडले आहेत. राळे आणि ज्वारी आपणही हजारो वर्षं पिकवत आलो. आपल्याला भाकरी थापायची होती. त्यांच्यात चिकट दाण्याचं वेगळं वाण करायची गरज आपल्याकडे भासली नाही.

भातात हाच खेळ जास्त नाजूक आहे. चिकट भातात जनुक पूर्ण बंद असतं; लाओसमध्ये तो रोजचं जेवण आहे, आसामात बोरा चाऊल त्याच जातीचा. पण पुष्कळशा जपानी आणि चिनी भातांत जनुक अर्धवट चालतं. डीएनएमधलं एकच अक्षर बदललंय, तेही जिथून संदेशातला अनावश्यक भाग कापून टाकायचा असतो त्या सांध्यावर. कापणं बहुतेक वेळा चुकतं, विकर थोडंच तयार होतं, आणि भात चिकट नाही पण मऊ, एकमेकाला धरून राहणारा होतो. १९९० च्या दशकात हे कळलं.

या फरकाचं महत्त्व भारतानं वेगळ्या रीतीनं अनुभवलं. फिलिपीन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं १९६६ मध्ये आयआर-८ हे बुटकं, भरघोस वाण दिलं. पोती भरली, पण भात अमायलोजनं भरलेला. गरम असताना फडफडीत, निवला की टणक. सकाळचा भात दुपारी शेतावर नेणाऱ्याला ते चांगलंच जाणवलं असणार. संस्थेतले रसायनशास्त्रज्ञ बिएनवेनिदो हुलियानो यांनी १९७१ मध्ये तांदळातलं अमायलोज मोजायची सोपी पद्धत दिली, पुन्हा आयोडीनच्या निळ्या रंगावरूनच, आणि पैदासकारांना भाताचा मऊपणा आकड्यात बघता येऊ लागला. आपल्याकडे वडगाव मावळच्या केंद्रात आयआर-८ चा संकर आंबेमोहोर १५७ शी केला गेला. त्यातून १९८७ मध्ये इंद्रायणी आला, आणि त्याचा मऊ, चिकटसर, वासाचा भात मावळातून पुण्या-मुंबईच्या ताटांत गेला. उत्पन्नाचं गणित एका पालकाकडून, जिभेचं दुसऱ्याकडून.

गहू मात्र या यादीतून सुटला होता. मेणचट गहू कुठेच नव्हता, आणि त्याचं कारण चवीत नव्हतं. पोळीच्या गव्हात जनुकांचे तीन संच असतात, त्यामुळे या जनुकाच्याही तीन वेगळ्या प्रती. एक बंद पडली तर उरलेल्या दोघी काम उचलतात. तिन्ही एकाच झाडात बंद पडल्याशिवाय दाणा मेणचट होत नाही, आणि तसा योगायोग शेतात बघायला मिळणं जवळजवळ अशक्य.

एक प्रत बंद असल्याचा बारीक परिणाम मात्र जाणवतो. जपानी कारखानदारांना उडोनच्या जाड शेवयांसाठी पश्चिम ऑस्ट्रेलियाचा गहू पसंत होता. त्या शेवया मऊ आणि लवचिक होतात. १९९० च्या दशकात तपासलं तेव्हा त्यांतल्या कितीतरी वाणांत तीनपैकी एक प्रत बंद निघाली. जपानमध्ये शेवयांसाठीच नावाजलेल्या कांतो १०७ या वाणात तर दोन बंद होत्या. तिसरी बंद असलेला बाइहुओ हा गहू चीनचा. त्यात बाकीच्या दोन प्रती धडधाकट असल्यामुळे तो पिकवणाऱ्यांना दाण्यात काही वेगळं वाटलं असण्याचं कारण नव्हतं. मोरिओकाच्या तोशिकी नाकामुरा आणि सहकाऱ्यांनी कांतो १०७ आणि बाइहुओ यांचा संकर केला. अशा संकराच्या दुसऱ्या पिढीत तिन्ही प्रती बंद असलेला दाणा सरासरी ६४ मध्ये एक येतो. १९९५ मध्ये त्यांनी तो जाहीर केला: अमायलोज नसलेला जगातला पहिला गहू.